तीस बोलण्यांचं कार्ड

अमरावतीत बडनेरा रोडवरच्या नत्थुजींच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सकाळच्या प्रहरी आठ फोन एकदम वाजत होते, आणि उचलत मात्र एकही जण नव्हता.

नवख्या माणसाला वाटलं असतं, की या हापिसात सगळे बहिरे तरी आहेत किंवा सगळ्यांनी मिळून कुणावर तरी रुसवा धरला आहे. पण मॅनेजर शफीभाई खुर्चीत मांडी घालून निवांत बशीने चहा पीत होते. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर नंबर उमटला की ते नुसती मान डोलवायचे. "वलगाव, एक रिंग. कापूस भरला." मग दुसरा फोन. "पार्बताबाई, दोन रिंगा. बंडी निघाली." वजनकाट्यावरचा माणूस ते ऐकून बैलगाडीला जागा मोकळी करायला लागे. तीन रिंगा म्हणजे गाडी वाटेत मोडली. चार रिंगा अजून कुणी दिल्या नव्हत्या, आणि चार रिंगा वाजाव्यात असं कुणाच्या गाडीचं काही होऊही नये.

उलट बाजूनेही तसंच. जिनिंगमधून शेतकऱ्याला एक रिंग गेली म्हणजे तुमचा नंबर लागला, माल घेऊन या. तो फोन उचलायचा नाही, कापायचा. कापला म्हणजे समजलं. कुणाचा पैसा जात नव्हता, कुणाचा वेळ जात नव्हता.

ही सगळी रचना शफीभाईंची. ती सालं वऱ्हाडाला वाईट गेली. कापसाला भाव नव्हता, पावसाला धरबंध नव्हता, आणि पाहणी करणाऱ्या समित्यांच्या गाड्यांनी रस्त्यांवर जेवढी धूळ उडवली तेवढी शेतातही उरली नव्हती. कितीतरी जिनिंगच्या फाटकांत तरोट्याचं तण उगवलं. त्याआधीच्या हंगामांत याच फाटकाबाहेर बंड्यांची रांग पार पेट्रोलपंपापर्यंत लागायची. माणसं बंडीखाली झोपायची, बैलं उपाशी उभी राहायची, आणि दोन दिवसांनी काट्यावर पोहोचलेला माणूस आधी भांडायचा, मग मोजून घ्यायचा. इनकमिंग फुकट झालं, खेडोपाडी हातात फोन आला, आणि शफीभाईंनी रांगच घरी पाठवून दिली. मिस कॉल ही वस्तू वऱ्हाडातच निघाली आणि इथूनच मुंबईकडे गेली असं ते अजूनही छातीवर हात ठेवून सांगतात. खोटं म्हणायला पुरावा कुणाकडे आहे?

त्यांना स्वतःला मात्र त्या रिंगांचा काही फायदा नव्हता. घर अकोल्याला, नोकरी इथं. उमेदीची सारी वर्षं अपडाउनमध्ये गेली. भल्या पहाटे अकोल्याची पॅसेंजर धरायची, बडनेऱ्याला उतरायचं, आणि संध्याकाळी तीच वाट उलटी. त्यांच्या बायकोचं, बिल्कीसचं म्हणणं होतं, की ह्या माणसाच्या राशनकार्डावर घराचा पत्ता चुकीचा पडलाय, तिथं 'बडनेरा फलाट' असं पाहिजे.

"लोकाँ के मियाँ शाम को घर आते," ती म्हणे, "हमारे यहाँ मेहमान आते."

शफीभाईंची एकच इच्छा होती. नत्थुजींचं अकोल्याला दोन खोल्यांचं हापिस होतं. अमरावतीचे फोन तिथं बसून पाहता आले, तर ते तिथंच बसतील आणि दुपारची भाकर घरी खातील.

अशात पलीकडच्या जिनिंगवाल्यानं फाटकावर पाटी लावली: 'संगणकीकृत वजन'. ती वाचल्यापासून नत्थुजींना जेवण जाईना.

"शफी, त्यानं कॉम्प्युटर आणला. आपण काय आणाचं?"

"आपल्याकडं बी हाये नं कॉम्प्युटर."

"तो पत्ते खेळाचा हाये. मले कायतरी असं पाह्यजे का पाटी लावली तर त्याची पाटी पडली पाह्यजे."

म्हणून नागपुरावरून रागिणीला बोलावणं गेलं. ती एका कंपनीची माल विकणारी इंजिनियर, वयाने लहान पण बोलण्यात पक्की. टेबलावर गुळगुळीत पुस्तिका पसरून तिनं समजावलं. हा राउटर. हापिसातल्या कॉम्प्युटरांचं जाळं बाहेर जिथून जातं तो डबा. त्याच्या पाठीत एक रिकामी खाच असते. त्या खाचेत आवाजाचं कार्ड बसवलं, की फोनही ह्याच वाटेने जातात. अमरावतीचा फोन अकोल्याला वाजवा, धारणीचा चांदूर बाजारला वाजवा, वेगळे पैसे नाहीत.

शफीभाईंच्या हातातली बशी तिथंच थांबली. "अकोल्याले वाजते?"

"नुसता वाजत नाही शफीभाई, कुणाचा नंबर आहे तेही तिथं दिसतं. फक्त तिकडच्या डब्यातही असंच कार्ड लागेल."

नत्थुजी शफीभाईंकडे पाहून हसले. मनकवडे होते. "कार्ड नीट चाललं तर दुसरं अकोल्याले लावू आन् तुले तठी बसवू. पण निवड तुयी. फोनातलं तुले समजते."

आता कार्डं तीन प्रकारची. एका वेळी चार बोलणी चालतील असं एक, आठ चालतील असं दुसरं, आणि एकाच जाड डिजिटल तारेवर तीस बोलणी चालतील असं तिसरं. रागिणीने वही-पेन काढून सरळ विचारलं, "दिवसाला फोन किती येतात?"

"हंगामात चार-पाचशे तरी."

"बापरे. आणि एकदम किती?"

"आठ फोन हायेत, आठी वाजत राह्यतात. आणखी असते तर तेबी वाजले असते."

"एका फोनवर साधारण किती वेळ बोलणं होतं?"

शफीभाईंनी विचार केला. "दहा-पंधरा शेकंद. दोन रिंगा असल्या तर जरा जास्त."

रागिणीने पेन खाली ठेवलं. "एवढ्या थोडक्यात काम? आमच्या नागपुरात नुसतं 'हॅलो कोण बोलतंय' इतक्यात संपत नाही. फार शिस्त आहे तुमच्याकडे."

"मंग!" नत्थुजी म्हणाले.

यात कुणी कुणाला फसवलं नाही. मिस कॉल म्हणजे फोन नव्हे, ही गोष्ट नत्थुजींच्या किंवा शफीभाईंच्या मनाला शिवलीच नाही. त्यांच्या लेखी फोन म्हणजे तोच होता. बोलणं हा त्यातला बिघाड.

तरीही शफीभाई आठ बोलण्यांच्या कार्डावर समाधानी होते. पण नत्थुजींनी तिन्ही कार्डं हातात मागितली. चांदूर बाजारच्या बैलबाजारात आयुष्य गेलेला माणूस तो. एकेक कार्ड त्यांनी तळहातावर तोललं, उलटं केलं, बोटाने ठोकून पाहिलं. मग चष्मा कपाळावर चढवून कार्डाच्या कडेला असलेल्या सोनेरी पट्ट्या पाहू लागले. त्या पट्ट्या खाचेत जाऊन बसतात.

"ह्याले दात कमी हायेत," चार बोलण्यांचं कार्ड बाजूला सारत ते म्हणाले. "हे दोनदाती. अजून गोऱ्हा हाये." आठवालं ठेवलं. तीसवालं उचललं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे पाह्य शफी. सारे दात आले. जुळलेलं तोंड. हे वझ्याले थकत नाही."

"सर, ते दात नाहीत," रागिणी म्हणाली.

"बाई, दात कुठंबी असले तरी दातच."

आणि सवयीने त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून हातावर टाकला. बैलाचा भाव कापडाखाली बोटं दाबून करायचा असतो. मग समोर बाईमाणूस आहे हे ध्यानात आलं. त्यांनी रागिणीच्या वतीने शफीभाईंचा हात कापडाखाली ओढला आणि आपल्याच मॅनेजरशी घासाघीस सुरू केली. शफीभाईंनी बिचाऱ्यांनी कंपनीची बाजू इतक्या निष्ठेने लावून धरली, की किंमत छापील दरावर पावपट चढली. रागिणीने ती छापील दरावर परत आणली तेव्हा नत्थुजींना तिचा भल्ला आदर वाटला.

कार्ड बसलं. जुने आठही नंबर त्या जाड तारेवर वळवले. डब्यावर तीस हिरवे दिवे लुकलुकू लागले. फाटकावर पाटी चढली: 'डिजिटल. एका वेळी तीस जण बोलू शकतात'. नत्थुजी त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हापिसात एकही फोन वाजला नाही. शफीभाईंना वाटलं, काय सुंदर यंत्र आहे, आवाजसुद्धा होत नाही. तिसऱ्या दिवशीही वाजला नाही. पडद्यावर नंबर येत होते, पण कुणाचा कापूस भरला आणि कुणाची बंडी मोडली हे कळायला मार्ग नव्हता, कारण रिंगच होत नव्हती. फाटकाशी बंड्या येईनात. त्यातल्या काही पलीकडे, संगणकीकृत वजनाकडे वळताना काट्यावरच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या.

चौथ्या दिवशी पहिल्या एस्टीने पार्बताबाई आली. वलगावकडची ही बाई. काळ्या रानाची धनीण, पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं स्वतः पाहणारी, आणि जिभेला कुठं वळण नसलेली. आल्या आल्या तिने हापिसातल्या चारी कोपऱ्यांत पाहिलं, कपाटामागे डोकावली.

"कठी हाये ते?"

"कोण पार्बताबाई?"

"तुमची बाई. फोन उचलणारी." तिने पिशवी टेबलावर आपटली. "म्या रोजच्यासारखी एक रिंग दिली. त्या भवानीनं पयल्या झटक्याले उचलला! म्हणे नमस्कार. म्या म्हटलं, नमस्कार मंग, पण उचलला कावून वं? तर म्हणे कापसाच्या भावासाठी एक दाबा. म्या म्हटलं, भाव मले माईत हाये, तू फोन ठेव, माया पैसा जाऊन राह्यला. तर म्हणे बियाण्यासाठी दोन दाबा! म्या भांडू राह्यली आन् ते आपलं दाबा-दाबा करू राह्यली. शेवटी माया फोनातला बॅलन्स सरला तवा ते गप झाली. एवढी निगरगट्ट बाई म्या माया सासरीबी पाह्यली नाही."

शफीभाईंना रागिणीने जाताना सांगितलेलं आठवलं: नवं यंत्र येणारा प्रत्येक फोन पहिल्याच रिंगला उचलतं, कुणाला ताटकळत ठेवत नाही. हे ऐकून त्या वेळी त्यांनी टाळी दिली होती.

"पार्बताबाई, ते बाई नाही. तो ह्या डब्यातला आवाज हाये."

पार्बताबाईने डब्याकडे पाहिलं, मग नत्थुजींकडे. "बाईले डब्यात कोंडलं तुमी? अन् वरून तिच्याकडून दिवसभर बोलून घेता?"

त्या आवाजाने तिकडे सगळ्या वऱ्हाडात गोंधळ उडवला होता. फुकट जाणाऱ्या रिंगेचा रुपया पडू लागला म्हणून अर्ध्या लोकांनी रिंग देणंच सोडलं. उरलेले त्या बाईच्या नादी लागले. धारणीकडचा एक कास्तकार फोनाला रेंज यावी म्हणून मोहाच्या झाडावर चढायचा. आता त्याच्यामागे सारा पाडा झाडाखाली जमून बाईचं बोलणं ऐकायचा. तिकडूनच एकाने जीपवाल्याबरोबर निरोप पाठवला, की मुलगी बोलायला गोड आहे, रागावत नाही, तरी घरचं कोण ते विचारून ठेवा.

"शफी," नत्थुजी संध्याकाळी रिकाम्या फाटकाकडे पाहत म्हणाले, "तुले अकोल्याले पाठवाचं राह्यलं बाजूले. हंगाम असाच गेला तर मलेच कुठं पाठवा लागते ते पाह्य."

शफीभाईंनी त्या रात्री घरी भात चिवडला. बिल्कीसने ताट उचललं.

सकाळी रागिणीला फोन लावला.

"म्याडम, हा फोन उचलून राह्यलाय."

"हो मग? त्यासाठीच तर आहे."

"त्याले उचलू देऊ नका."

"शफीभाई, म्हणजे न उचलणारा फोन पाहिजे तुम्हाला?"

"हो जी. वाजला पाह्यजे, दिसला पाह्यजे, उचलला नाही पाह्यजे."

"तीस लाइन घेऊन?"

"आता घेतल्या नं."

बिचारी पुन्हा आली. दिवसभर डब्यापुढे बसून तिने त्या आवाजाला लगाम घातला. चौथ्या रिंगपर्यंत गप्प राहायचं, त्यानंतर बोलायचं. चार रिंगा देण्याइतकं कुणाचं बिघडणार नव्हतं, म्हणून ती बाई पुन्हा कधी बोललीच नाही. जाताना रागिणी दारात थांबून म्हणाली, "कंपनीत कुणाला सांगू नका हं. मी आजपर्यंत फोन चालू करायला गेले आहे. बंद ठेवायला पहिल्यांदा आले."

मिस कॉल परत आले. बंड्या परत आल्या. डब्यावरचे हिरवे दिवे काजव्यांसारखे क्षणभर चमकायचे आणि विझायचे. तीस बोलण्यांच्या त्या कार्डातून एकही शब्द जात नव्हता.

पण कंपनीला ते काय ठाऊक! वऱ्हाडातल्या या कार्डाबद्दल आवाज तुटतो, खरखर येते, ऐकू येत नाही, अशी एकही तक्रार नाही, हे पाहून पुण्याच्या मोठ्या साहेबांना आश्चर्य वाटलं. त्यांनी कळवलं, की आपण स्वतः पाहायला येत आहोत. मनासारखं दिसलं तर ही जागा नमुन्याची म्हणून जाहीर करू, आणि त्याबद्दल अकोल्याचं कार्ड कंपनीतर्फे बक्षीस.

शफीभाईंचा जीव पुन्हा अकोल्यात जाऊन बसला. त्यांनी जवळच्या गावांतले तीस भरवशाचे कास्तकार निवडले आणि प्रत्येकाला काट्यावर गाठून बजावलं. "मंगळवारी सकाळी माया फोन येईन. कापाचा नाही. उचलाचा, अन् दोन मिनिटं बोलाचं."

"काय बोलाचं?"

"काईबी. हवापाण्याचं बोला."

"हवापाण्याचं? ह्या साली?" एकाने विचारलं. "शिव्या चालतीन का?"

"चालतीन. पण उचला."

सगळ्यांनी शपथा घेतल्या. पार्बताबाईने तर आपल्या फोनाला हळदकुंकू लावलं.

मंगळवारी साहेब आले. भांग पाडलेले केस, पांढराशुभ्र शर्ट. कापूस उडत असलेल्या जिनिंगमध्ये तो शर्ट तासाभरात लोकरीचा झाला. डब्यासमोर खुर्ची मांडून ते बसले. "तीसही लाइन एकदम चालवून दाखवा. कार्डाची खरी परीक्षा तीच."

"एकदम?" शफीभाईंनी नत्थुजींकडे पाहिलं.

"दाखव," नत्थुजी म्हणाले. "जुळल्या दाताचं हाये."

साहेबांना हे समजलं नाही. शफीभाईंनी बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. तीस दिवे लागले. वऱ्हाडातल्या तीस घरांत, तीस बांधांवर, तीस खिशांत एकदम फोन वाजला. साहेब पुढे झुकले.

एक दिवा विझला. मग दुसरा. मग पाच. बघता बघता तीसच्या तीस विझले.

"काय झालं?"

"कापला," शफीभाईंच्या तोंडून निघून गेलं.

"सगळ्यांनी?"

"पुन्ना लावतो साहेब."

पुन्हा लावला. आता कुणाकडे लागेचना. कुठे बंद, कुठे रेंजच्या बाहेर. साहेबांनी चष्मा पुसला. शफीभाई त्या विझलेल्या दिव्यांकडे पाहत राहिले. अकोल्याच्या हापिसातली खिडकी, तिच्यातून दिसणारा लिंब, दुपारची घरची गरम भाकर, एकेक करून सगळं त्या दिव्यांबरोबर विझलं.

"आधी जेवून घ्या," नत्थुजी म्हणाले. असल्या वेळी वऱ्हाडी माणसाकडे दुसरा इलाज नसतो. पातोडीचा झणझणीत रस्सा आला. पहिल्या घासाला साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातूनच ते म्हणाले, "तुमचा पाहुणचार उत्तम आहे, पण मी काय लिहू? एकही बोलणं झालं नाही. मी असं कार्ड आजवर पाहिलं नाही. अकोल्याचं मला जमणार नाही, शफीभाई. वाईट वाटतं."

शफीभाईंनी मान हलवली.

साहेब गाडीत बसले. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. फाटकातून एक बंडी आत येत होती. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे कापसाने फुगलेला टेम्पो, मागे ट्रॅक्टर, पुन्हा बंड्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी धूळ उठली होती आणि घुंगरांचा, हॉर्नचा, शिव्यांचा एकच गजर चालला होता. रांग पार पेट्रोलपंपाच्या पुढे गेलेली. गड्या, इतक्या बंड्या एकदम त्या फाटकाने चांगल्या सालांतही पाहिल्या नव्हत्या. पलीकडचा जिनिंगवाला आपल्या पाटीखाली उभा राहून आ वासून पाहत होता.

पहिल्या बंडीवर पार्बताबाई होती.

"अहो, उचलाचा ठरलं होतं नं!" शफीभाई धावत गेले. रडावं की हसावं कळत नव्हतं. "काय शपथ घेतल्ती तुमी?"

"घेतल्ती. उचलाले हातबी केला." पार्बताबाईने कासरा आवरला. "पण म्या म्हटलं, शफीभाऊची रिंग आली म्हंजे नंबर लागला. ह्या साली नंबर लागते त्या दिवशी माणूस बैल जुंपन का बोलत बसन?"

मागच्या एकोणतीस जणांचंही तेच. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने बोलावं. आपला नंबर आधी.

साहेबांच्या गाडीला पुढे वाट नव्हती आणि मागेही नव्हती. ते खाली उतरले. एका बैलाने त्यांच्या बाहीवरचा कापूस चाटला. ते अंग चोरून उभे राहिले आणि पार्बताबाईला अगदी मनापासून म्हणाले, "बाई, एवढ्या लांबून येण्यापेक्षा दोन मिनिटं फोनवर बोललात तर काय बिघडतं?"

"बोलाले समोर माणूस लागते, बाप्पा," पार्बताबाई म्हणाली. "फोन बलावाले असते. आता आली नं मी? बोला काय बोलाचं ते."

आणि सगळे बोलू लागले. काट्याची वाट पाहत तीस जण एका वेळी बोलत होते. वेचणीचं, सुनेचं, बोंडअळीचं, मागच्या समितीतल्या त्या साहेबाचं, जो तुरीच्या झाडाला कापूस कुठे लागतो म्हणून विचारत होता. कुणी साहेबांना बंडीच्या जूवर बसवलं, कुणी विडी पुढे केली, कुणी त्यांच्या पगाराची चौकशी केली. साहेबांनी बरीच वर्षं आवाजाच्या वाटा विकल्या होत्या. एवढा आवाज त्यांनी एका जागी कधी ऐकला नव्हता. दिवस कलेपर्यंत ते उठले नाहीत. उठले तेव्हा शर्टाचा रंग ओळखू येत नव्हता.

"शफीभाई," ते म्हणाले, "तुम्हाला तीस बोलण्यांचं कार्ड नको आहे. रिंगा झेलायला आठवालं भरपूर झालं. हे मोठं मी परत नेतो. त्याच्या बदल्यात आठआठची दोन देतो. एक इथं लावा, एक अकोल्याला." मग थोडं अडखळून म्हणाले, "पाटी मात्र काढून टाका. नाही तर लोक खरंच बोलायला लागायचे."

नत्थुजींनी तीसवाल्या कार्डाच्या सोनेरी दातांवरून निरोपाचा हात फिरवला.

असे शफीभाई अकोल्याला बसले. खिडकी, लिंब, टेबलावर एक फोन. पहिल्या दिवशी पडद्यावर अमरावतीचे नंबर उमटत राहिले. एक रिंग, दोन रिंगा. ते मान डोलवत आणि अमरावतीच्या काट्यावरच्या माणसाला पुढची रिंग देत. तो कापत असे. कापला म्हणजे समजलं. दुपारी घरी भाकर खाल्ली. ती खरोखर गरम होती. दुसरा दिवस तसाच. तिसरा तसाच. दिवसभरात शेकडो माणसं बोटाएवढ्या पडद्यातून जात होती आणि खोलीत पंख्याशिवाय कुणी बोलत नव्हतं. चौथ्या दिवशी लिंबावरचा कावळा ओरडला तेव्हा शफीभाईंनी त्याला घरदार विचारलं.

आठवड्याच्या शेवटी पहाटे बिल्कीसला चपलांचा आवाज आला. तिने डोळे उघडले.

"कहाँ निकले?"

"जरा बडनेऱ्याले. ऐसेच."

"काम है क्या कुछ?"

"काम तो यहीं से हो जाता," शफीभाई ओशाळून म्हणाले. "जरा बोल के आता."

बिल्कीस उठून बसली. रागावेल असं वाटलं होतं, पण तिने पदर सारखा केला आणि खुंटीवरची पिशवी काढली. पिशवीत डबा होता, दोन माणसांना पुरेल असा.

"परसों से भर के रख रही हूँ रोज," ती म्हणाली. "कल का मैंने ही खाया. चलो, गाडी का टाइम हो गया. आज मेरे कू भी आना है. इत्ते बरसाँ से सुन रही हूँ, वो पार्बताबाई कू एक बार आमने-सामने देखना है."